जड हात

टपकापे हे त्याचं आडनाव नव्हे. ते नाव मी ठेवलं, आणि ते असं चिकटलं की विजेचं मीटर बघायला आलेला नवा माणूस एकदा माझ्या काउंटरवर येऊन अगदी आदबीनं म्हणाला, "टपकापेसाहेब कुठे राहतात हो?" मी समोरच्या शेडकडे बोट दाखवलं. शेडमधून ग्राइंडरचा आवाज येत होता आणि साहेब एका मोटारीखाली उताणे पडले होते. फक्त बूट दिसत होते.

माझं दुकान स्पेअर पार्टचं. गास्केट, बेअरिंग, पंख्याचे पट्टे, ब्रेकचे लायनर. त्याची शेड रस्त्याच्या पलीकडे, माझ्या गल्ल्यावरून थेट आतपर्यंत दिसणारी. त्यामुळे तिथे जे घडलं त्यातलं अर्धं मी पाहिलं आणि उरलेलं त्यानं माझ्या काउंटरवर कोपरं टेकून सांगितलं.

धंद्यानं तो डेंटर. ठोकलेल्या गाड्या यायच्या, दारं आत गेलेली, बॉनेट चुरगळलेली, आणि हा आतून ठोकळा धरून बाहेरून हातोडी मारत मारत पत्रा सरळ करायचा. त्या कामावर घर चालायचं. जीव मात्र दुसरीकडेच होता.

एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मागच्या सीटवर एक जुनं मासिक पडलं होतं. त्यात अशा मोटारींचे फोटो होते ज्यांना हॉट रॉड म्हणतात. म्हणजे असं करायचं, की आजोबांच्या काळातली एखादी मोटार घ्यायची, तिचा टप कापून टाकायचा, मडगार्ड काढायचे, बॉनेटला रजा द्यायची, उघड्यावर भलंमोठं इंजिन बसवायचं आणि सगळी गाडी इतकी खाली आणायची की रस्त्यावरच्या खड्ड्यानं तिची विचारपूस करावी. मजकूर त्यानं वाचलाच नाही. फोटो बघत बसला. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं तेव्हा गाडी तशीच चेपलेली होती आणि हा मासिक मांडीवर घेऊन स्टुलावर.

पुढच्याच आठवड्यात भंगारवाल्याच्या आवारातून त्यानं एक चाकं नसलेला सांगाडा ओढून आणला. तळातून झाड उगवलेलं होतं. पण बाकी अंगानं मोटार धड होती, टपसुद्धा शाबूत. त्यानं पहिलं काम काय केलं, तर टप कापला. आवाज ऐकून मी धावत गेलो.

"अरे, एवढी एक गोष्ट चांगली होती गाडीत, तीच कापलीस?"

"चांगली कुठे होती," तो चष्मा वर करून म्हणाला. "आता होईल."

तेव्हापासून तो टपकापे.

त्याची बायको हॉस्पिटलात सिस्टर. शांत बाई, पण बोलली की नेमकी बोलायची. पहिली गाडी तयार झाली तेव्हा तिला शेजारी बसवून तो गावाबाहेरच्या रस्त्यानं फिरवून आला. परत आली ती केसांत धूळ, तोंडाला काजळी. माझ्या दुकानापुढे उतरली आणि म्हणाली, "गाडी फार छान झालीय. फक्त ती आता गाडी राहिलेली नाही." तो आनंदानं लाल झाला. त्याला ती स्तुतीच वाटली, आणि मला वाटतं ती होतीही.

गावाबाहेर एक ओसाड पडलेलं मैदान होतं. वर्षातून एकदा जुन्या मोटारींचे शौकीन तिथे जमायचे. त्यांच्यात दोन जाती. एक, गाडी होती तशी जपणाऱ्यांची, जे मूळचा स्क्रू मिळावा म्हणून वर्षभर वाट बघतील. दुसरी, कापणाऱ्यांची. तिथला एक म्हातारा डॉक्टर टपकापेशी हात मिळवायचा नाही. म्हणायचा, "तुम्ही खून करता." टपकापे म्हणायचा, "मला सापडेपर्यंत ती मेलेलीच असते, डॉक्टर. मी फक्त तिला पुन्हा पळायला लावतो." त्या मैदानावर तो वेगळाच माणूस असायचा. एरवी गिऱ्हाइकाला हो-नाहीपुरतं उत्तर देणारा, तिथे दिवसभर उन्हात उभा राहून कुणालाही इंजिन कसं बसवलं ते समजावून सांगायचा.

मुलगी एकच. तिला बारकी म्हणायचे. पुढे ती घरात सगळ्यांत उंच झाली, तरी बारकीच. शाळा सुटली की दप्तरासकट शेडमध्ये. आई कामावर, त्यामुळे दुसरीकडे जाणार कुठे, असं सुरुवातीला वाटायचं. मग आईला सुट्टी असली तरी पोर शेडमध्येच दिसायला लागली.

पत्र्याच्या कामात डोळ्यावर विसंबता येत नाही. ठोकून झालं की पत्र्यावर एक पातळ फडकं पसरायचं, डोळे मिटायचे आणि फडक्यावरून तळवा फिरवायचा. कुठे पोचा राहिलाय, कुठे उंचवटा, ते तळव्याला कळतं. टपकापेला ते कळायला तरुणपणातली बरीच वर्षं लागली होती. बारकीनं एक दिवस सहज तळवा फिरवला आणि म्हणाली, "बाबा, इथे राहिलंय."

"कुठे? काही नाही तिथे."

"आहे."

त्यानं कानस फिरवली. उंचवटा असला तर कानस तिथेच घासते आणि पत्रा चमकतो. बारकीच्या बोटाखाली नखाएवढी चमक उमटली. तो लगेच रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. "हे शिकवून येत नाही रे," म्हणाला. इतकं खूश मी त्याला मैदानावरही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तो तिला शिकवायला लागला. वाळूच्या पिशवीवर सपाट पत्रा ठेवून लाकडी हातोडीनं त्याला गोलाई कशी आणायची, कुठे मारायचं, कुठे मारायचं नाही. "पत्रा मारला की ताणतो, आणि एकदा ताणला की परत आखडायला दहापट कष्ट," असं तो तिला सांगायचा. ती ऐकायची आणि मग तिच्याच पद्धतीनं करायची.

पुढे एकेक होत गेलं. थंडीत त्याची बोटं पांढरी पडायला लागली. ग्राइंडर आणि हातोडीचे हादरे वर्षानुवर्षं खाल्ल्यावर असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. उजवा कान गेला. एकदा डोळ्यात लोखंडाची कपची गेली, ती बायकोनंच हॉस्पिटलात नेऊन काढवून घेतली. त्या दिवशी त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "या घरात असे दोन हात पुरे आहेत. आणखी दोन नकोत." ते वाक्य त्याच्या आत जाऊन बसलं.

बारकी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत. सुट्टीत तिनं कुणाला न सांगता एका गाडीची मागची गोलाई, शेपटीकडचा अख्खा तुकडा, सपाट पत्र्यातून एकटीनं घडवला. त्या दिवशी मी बेअरिंग द्यायला शेडमध्ये गेलो होतो. तो तुकडा टेबलावर होता आणि ती बाजूला हात मागे बांधून उभी होती. मला पत्र्यातलं काही कळत नाही. पण खिडकीतून येणारा उजेड त्यावरून कुठेही न अडखळता घसरत होता, एवढं मला दिसलं.

टपकापेनं तुकडा उचलला. उलटा केला. फडकं पसरून तळवा फिरवला, एकदा, मग पुन्हा. तुकडा खाली ठेवला आणि म्हणाला, "हात जड आहे तुझा."

तिला वाटलं तो थट्टा करतोय. ती हसली.

"पत्रा ताणलास सगळा," तो म्हणाला. "हे काम तुझ्या हाताचं नाही, बारके."

"कुठे ताणलाय?"

त्यानं कुठेतरी बोट ठेवलं. तिनं डोळे मिटून तिथे तळवा फिरवला. तिच्या हाताला काहीच लागलं नाही, आणि तिला बापाचा संशय आला नाही, स्वतःच्या हाताचा आला. ते तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं. "बरं," एवढंच म्हणाली आणि घरी गेली.

तो तुकडा त्यानं कोपऱ्यातल्या भंगारात टाकला. मी विचारलं, "खरंच वाईट होता?"

"माझ्यापेक्षा बरा होता."

"मग असं का बोललास?"

"नको करू म्हटलं असतं तर ऐकली असती का? माझीच मुलगी ती." त्यानं आपली बोटं माझ्यापुढे धरली. "ही असली हवीत का तिला? शिकू दे, डॉक्टर-बिक्टर होऊ दे. विसरेल."

"चुकतोयस तू," मी म्हणालो. त्यानं ग्राइंडर चालू केला.

बारकी पुन्हा शेडमध्ये आली नाही. चुकून कधी आली तर उंबऱ्यावरून डबा देऊन जायची. अभ्यासाला लागली आणि दातांची डॉक्टर झाली. बाप डेंटर, लेक डेंटिस्ट, हा विनोद टपकापेनं इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवला की शेवटी गिऱ्हाइकंच त्याला ऐकवायला लागली. तिच्या दवाखान्याच्या पाटीचे कोपरे त्यानं स्वतः घासून गुळगुळीत केले. आपण केलं ते बरोबर होतं, असं त्याला त्या काळात अगदी मनापासून वाटत होतं.

त्याला एक गोष्ट माहीत नव्हती, मलाही ती सिस्टरकडून फार उशिरा कळली. कॉलेजात असताना बारकी सगळे गेल्यावर प्लास्टरच्या दातांवर सराव करत एकटी बसायची. तिचे शिक्षक तिच्यावर चिडायचे, की येतंय तरी घाबरतेस कशाला. पहिल्या पेशंटला हात लावायच्या आधी ती बाथरूममध्ये जाऊन रडली होती. आईनं कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "माझा हात जड आहे ना." आईला वाटलं, परीक्षेची धास्ती आहे, बोलतेय काहीतरी. त्या दिवशी शेडमध्ये काय झालं होतं ते आईला कुणी सांगितलंच नव्हतं.

वर्षं गेली. सिस्टर निवृत्त झाली. टपकापेनं लोकांच्या गाड्या घेणं बंद केलं आणि शेवटची म्हणून एक गाडी करायला घेतली. बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे सापडलेली, दोनच माणसांची, मागून होडीसारखी निमुळती होत गेलेली. इंजिन बसलं, चाकं बसली, ब्रेक लागले. अडलं ते शेपटीपाशी. तिथली गोलाई काही केल्या जुळेना. त्याच्या बोटांना आता काही कळतच नव्हतं. फडक्यावरून तळवा फिरवायचा आणि तसाच उभा राहायचा. पोच्यावर पुट्टी, म्हणजे लांबी, भरायचा, खरवडायचा, पुन्हा भरायचा. बाजारातला एक डेंटर आणला, तो म्हणाला, "काका, कोण बघणार आहे? जाड लांबी फासा आणि रंग मारून मोकळे व्हा." त्याला चहा पाजून परत पाठवला.

अशात त्याची दाढ सुजली. दोन दिवस लवंग चावून काढले, मग बायकोनं हाताला धरून मुलीच्या दवाखान्यात नेलं. तोपर्यंत त्यानं तिच्या खुर्चीत बसायचं या ना त्या कारणानं टाळलं होतं. तो मुठी आवळून, डोळे मिटून, आता सुरू होईल मग सुरू होईल म्हणून वाट बघत राहिला. तेवढ्यात ती म्हणाली, "झालं, बाबा. उठा."

"काय झालं?"

"दाढ निघाली."

बाहेर बाकावर एक आजीबाई नंबर लावून बसल्या होत्या. त्याच्या गालात कापूस बघून त्या धीर देत म्हणाल्या, "दुखलं नाही ना? डॉक्टरीणबाईंचा हात फार हलका आहे हो. म्हणून मी एवढ्या लांबून येते."

तो बायकोला तिथेच सोडून निघाला आणि थेट माझ्या दुकानात येऊन बसला. कापसामुळे धड बोलता येत नव्हतं. मला वाटलं दुखतंय. गोळी देऊ का विचारलं तर मान हलवली. मग कापूस काढून म्हणाला, "तो तुकडा ठेवायला हवा होता रे."

पुढच्या रविवारी सकाळी त्यानं तिला शेडमध्ये बोलावलं. मलाही म्हणाला, तू ये. एकट्याला धीर होत नव्हता, हे त्यानं सांगितलं नाही, पण मला कळलं.

ती स्वच्छ पांढऱ्या शर्टात आली. इतक्या वर्षांनी आत पाऊल टाकताना तिनं खाली बघितलं, जणू फरशी कुठे निसरडी असेल. त्यानं शेपटीवर फडकं पसरलं. "जरा बघतेस? मला आता कळत नाही."

"मला काय कळणार, बाबा?"

"बघ तर."

तिनं डोळे मिटले. तळवा एकदाच फिरवला. "इथे उंच आहे. आणि इथपासून इथपर्यंत ताणलाय." तिनं डोळे उघडले, आणि तिचं तिलाच नवल वाटल्यासारखं दिसलं. त्यानं कानस फिरवली. तिनं दाखवलं तिथेच पत्रा चमकला.

"रविवारचं येत जाशील?" तो म्हणाला. "आपण दोघं मिळून पुरी करू."

तिनं बापाच्या हातांकडे बघितलं. मग आपल्या. "नाही जमणार, बाबा. सोमवारी पेशंट असतात. हातोडी मारून बोटं थरथरायला लागली तर त्यांच्या तोंडात काय घालू?"

हे अगदी खरं होतं. ज्यासाठी त्यानं तिला इथून घालवलं होतं, नेमकं तेच ती त्याला सांगत होती. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "तुझा हात कधीच जड नव्हता. मी खोटं बोललो होतो."

मी निघायला लागलो तर ती म्हणाली, "काका, थांबा. तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो.

मग ती बापाकडे वळली. आवाज अजिबात चढला नव्हता. "हे काम करू नकोस असं म्हणाला असतात तर मी भांडले असते, बाबा. रडले असते, जेवले नसते, शेवटी कदाचित ऐकलंही असतं. पण तुला जमत नाही म्हटल्यावर काय भांडणार? कुणाशी भांडणार?"

"तुझ्या भल्यासाठीच..."

"भलं झालंच की. मला माझं काम आवडतं. पण रोज सकाळी पहिला पेशंट खुर्चीत बसला की मला वाटतं, आज याला दुखणार. अजूनही. आता तुम्ही सांगताय की त्याला काही कारणच नव्हतं." तिनं फडक्याची घडी घालून टेबलावर ठेवली. "आईला बीपीची गोळी वेळेवर द्या," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर टपकापे भंगारवाल्याकडे गेला. तिथे जुन्या भंगारवाल्याच्या जागी आता त्याचा मुलगा बसत होता. त्याला यानं तो तुकडा कसा होता, केवढा होता, कुठल्या साली दिला होता, सगळं सांगितलं. तो बिचारा हसला नाही. म्हणाला, "काका, ते वितळून आतापर्यंत कुणाच्या घराची सळई झाली असेल."

बारकी घरी यायची, आईशी बोलायची, बापाला काय हवं-नको विचारायची. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. एखादी पाहुणी यावी तसं सगळं व्यवस्थित. तेच त्याला लागायचं. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," असं मला एकदा म्हणाला. शेडमध्ये मात्र ती आली नाही.

गाडी पुरी झाली. शेपटीवरचा तो ताणलेला, उंचावलेला भाग त्यानं लांबीनं झाकला नाही, तसाच ठेवून वर गडद निळा रंग मारला. मैदानावर नेली तेव्हा लोक इंजिनाभोवती जमले. आवाज ऐकून माना डोलावल्या. मागे कुणी बघत नव्हतं. हाच एकेकाला दंडाला धरून मागे न्यायचा आणि दाखवायचा, "इथे चुकलंय. हात फिरवून बघा." लोकांना वाटायचं, म्हातारा विनयानं बोलतोय. सिस्टर डोक्याला रुमाल बांधून गाडीत बसून होती. ती एकदाच म्हणाली, "पुरे आता. चला घरी." पुढच्या महिन्यात त्यानं गाडी विकून टाकली आणि शेड एका टायरवाल्याला भाड्यानं दिली.

आता तो संध्याकाळी माझ्याकडेच येऊन बसतो. दवाखाना बंद व्हायच्या वेळेला मुलीला फोन लावतो. सुरुवातीला बोलणं दोन वाक्यांत संपायचं. जेवलीस का, हो. दमलीस का, नाही. मग एक दिवस त्यानं विचारलं, आज काय काम केलंस? ती म्हणाली, नेहमीचंच. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तेच विचारलं, तिसऱ्या दिवशीही. इतक्या वर्षांत आपण हे कधी विचारलंच नव्हतं, असं तो मला म्हणाला. डेंटिस्टचा विनोद मात्र शंभर जणांना सांगितला.

काल ती जरा जास्त बोलली. कुणा बाईच्या दाढेचं मूळ वाकडं होतं, सुई आत जाता जाता अडत होती, असं काहीतरी. यानं फोन चांगल्या कानाला घट्ट धरला होता. त्यातलं निम्मं त्याला कळत नव्हतं, तोंडावरून दिसत होतं. एक गिऱ्हाईक मागच्या दिव्याचा बल्ब मागत होतं, त्याला मी हातानंच थांब म्हणालो.

"मग?" टपकापे फोनमध्ये म्हणाला. "मग तू काय केलंस?"